वाढत्या अंगाच्या लेकरासाठी घडीची स्कूटर: आधी दारापुढचा रस्ता पाहा

"घ्या ताई, दोन वर्षांच्या पोरापासून बारा वर्षांपर्यंत एकच गाडी. घडी होते, सीट लागते, चाकात लाइट लागते." तालुक्याच्या दुकानात जा नाहीतर मोबाइलवर शोधा, पायाने ढकलायच्या स्कूटरबद्दल, म्हणजे किक स्कूटरबद्दल, हेच ऐकायला मिळतं. त्यात खोटं फारसं नसतं. घडी होते, सीट लागते, लाइटही लागते. अडचण एवढीच, की ती गाडी ज्या रस्त्यासाठी बनवलेली असते तो रस्ता आपल्या गावात नसतो. आणि दोन ते बारा या दहा वर्षांत पोर इतकं बदलतं, की दोन्ही टोकांना नीट बसेल अशी एक गाडी होऊच शकत नाही. पाच-सहा ते अकरा-बारा हा पल्ला मात्र एका स्कूटरवर निघतो, निवड जमली तर.

घडीच्या स्कूटरचं मूळ शहरातलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी स्वित्झर्लंडच्या विम आउबोटर यांनी तिला आजचं रूप दिलं. झुरिचमध्ये त्यांना खाण्याचं एक दुकान गाठायचं असायचं, जे पायी जायला लांब आणि सायकल काढायला जवळ. म्हणून ॲल्युमिनियमची, लहान चाकांची, घडी करून काखेत मारता येईल अशी ही गाडी. २००० च्या सुमारास तिची जगभर लाट आली. तेव्हा चाकं जेमतेम १० सेंटीमीटरची असत आणि ती चालून जात, कारण खाली फरसबंद फुटपाथ होता.

आपल्या दारापुढे काय असतं? सिमेंट रस्ता, त्यात थोड्या थोड्या अंतरावर कापलेल्या फटी. ग्रामपंचायतीने बसवलेले गट्टू, म्हणजे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, त्यातले दोन-चार खचलेले. नालीवरची फरशी, जी कधीच रस्त्याच्या पातळीत नसते. कोणीतरी आपल्या घरासमोर स्वतःच घातलेला गतिरोधक. शाळेचं पटांगण अर्धं मुरमाचं. आणि वस्ती संपली की खडी, नाहीतर पांदण. पांदणीत ही गाडी चालत नाही, कोणतीच चालत नाही, तो विचार सोडून द्या. बाकी ठिकाणी चालेल का, हे मुख्यतः चाकाचा आकार ठरवतो.

चाक

समजा चाकापुढे १ सेंटीमीटर उंचीचा, न हलणारा खडा आला. चाक १० सेंटीमीटर व्यासाचं असेल, तर त्या चाकावर जेवढा भार आहे त्याच्या पाऊणपट आडवा जोर लागला तरच ते खडा चढून जाईल. चाक २० सेंटीमीटरचं असेल, तर भाराच्या निम्म्याहून किंचित कमी जोरात भागतं. आता खडा २ सेंटीमीटरचा धरा. मोठ्या चाकाला पाऊणपट जोर पुरतो; लहान चाकाला भाराच्या सव्वापटीहून जास्त लागतो. पोराच्या पायात एवढा जोर कुठून येणार? वेगात असेल तर चाक कसंबसं उडी मारून जातं, पण तो हिसका हातात बसतो. वेग कमी असेल तर चाक जागीच अडतं. गाडी थांबते, वर उभं असलेलं पोर थांबत नाही.

हे गणित दुकानात करायची गरज नाही. चाकाच्या बाजूला नाहीतर डब्यावर मिलिमीटरमध्ये आकडा असतो: १००, १२५, १४५, १८०, २००. घरात, ओसरीवर, शाळेच्या गुळगुळीत व्हरांड्यात चालवायची असेल तर १२५ चालेल. गावच्या सिमेंट रस्त्यासाठी निदान पुढचं चाक १८० ते २०० चं पाहा. बऱ्याच गाड्यांना पुढे मोठं आणि मागे लहान चाक असतं, ते चालतं. अडखळायचं काम पुढचंच चाक करतं. लहान चाकाची गाडी हलकी आणि स्वस्त असते, घडी केल्यावर देखणी दिसते, हे सगळं खरं. पण गट्टूंच्या रस्त्यावर ती आठवडाभरात कोपऱ्यात जाऊन बसते.

मग हवेचे टायर घ्यावेत का? ऐकायला बरं वाटतं. धक्के कमी बसतात, मुरमावरही चालते. पण आपल्याकडे बाभळीचे काटे आहेत, गोखरू आहे, आणि वावरातून येणाऱ्या बंडीच्या, ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून ते थेट गावच्या रस्त्यावर येतात. सायकलवाल्या प्रत्येक पोराला हे माहीत आहे. सायकलची ट्यूब निदान गावात जोडून मिळते. स्कूटरच्या लहान मापाची ट्यूब तालुक्यालाही मिळेलच असं नाही. म्हणून माझं मत भरीव पीयू चाकाकडे. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, रबरासारखं पण जास्त चिवट. स्वस्त गाड्यांना साधं कडक प्लास्टिक असतं. ओळखायचं असेल तर नख दाबून पाहा: पीयू किंचित दबल्यासारखं वाटतं, प्लास्टिक दबत नाही. गाडी दुकानाच्या फरशीवर चालवून ऐका. प्लास्टिकचं चाक खडखड वाजतं आणि ओल्या फरशीवर घसरतं.

चाकात चमकणाऱ्या लाइटला बॅटरी लागत नाही. आसाभोवती चुंबक असतं, चाकातली तारेची गुंडाळी त्याच्याभोवती फिरली की वीज तयार होते. पोराला भौतिकशास्त्राचा पहिला धडा म्हणून ते झकास आहे, आणि दिवेलागणीला मोटरसायकलवाल्याला पोर दिसतं हाही फायदा. पोराला पुढचा खड्डा मात्र त्या उजेडात दिसत नाही.

शॉकपवाल्या, म्हणजे धक्के झेलायला स्प्रिंग लावलेल्या स्कूटरला जास्त पैसे मोजू नका. स्प्रिंग सहसा जड माणसाच्या हिशेबाने बसवलेली असते, वीस किलोच्या पोराच्या वजनाने ती हलतही नाही. उलट गाडीचं वजन वाढतं आणि ढिला होणारा एक जोड वाढतो.

तीन चाकं की दोन? दोन-अडीच ते साडेचार-पाच वर्षांच्या लेकराला तीन चाकं बरी, पुढे दोन आणि मागे एक. उभी राहते, तोल सांभाळावा लागत नाही. यातल्या चांगल्या गाड्या हँडल न फिरवता अंग झुकवून वळतात. पण खडबडीत रस्त्यावर पुढची दोन चाकं दोन वेगळ्या रेषांनी जातात, त्यामुळे एक खडा चुकवला की दुसरा चाकाखाली येतोच. शिवाय पाच-सहाव्या वर्षानंतर पोराचा वेग वाढतो आणि त्याच्यासाठी ती गाडी लुटुपुटीची होते. तीन वर्षांच्या लेकरासाठी नवी, महागडी, सीटवाली आणि आईबापाने ढकलायच्या दांड्याची गाडी घेण्यापेक्षा मामाकडची, काकाकडची जुनी तीनचाकी मागून आणा, आणि पाच-सहाव्या वर्षी दोनचाकीवर पैसे घाला. काढता-घालता येणारा प्रत्येक भाग म्हणजे आणखी एक बोल्ट आणि आणखी एक हरवणारी वस्तू. सीट वर्षभराने माळ्यावर जाते.

वाढतं अंग म्हणजे नेमकं किती

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात पाच वर्षांच्या मुलाची मध्यम उंची सुमारे ११० सेंटीमीटर आहे, दहा वर्षांच्या मुलाची सुमारे १३८. मुलींचे आकडे जवळपास तेच. म्हणजे वर्षाला साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास. मुली दहा-अकराच्या पुढे झपाट्याने वाढतात, मुलगे त्यानंतर एक-दोन वर्षांनी. आपलं पोर तक्त्यापेक्षा बुटकं किंवा उंच असू शकतं, म्हणून वय विचारून गाडी घेऊ नका. भिंतीला उभं करून टेप लावा.

हँडल किती उंच हवं? पोर बूट घालून पाय ठेवायच्या फळीवर उभं राहिलं, की हँडल बेंबीच्या आसपास आणि कोपर थोडं वाकलेलं. हँडल फार उंच असेल तर हात वर जातात, अंग मागे रेलतं आणि वळवायला ताकद पुरत नाही. फार खाली असेल तर पाठ वाकते आणि सगळा भार पुढच्या चाकावर येतो. बेंबी जमिनीपासून उंचीच्या साधारण साठ टक्क्यांवर असते. त्यात फळीची उंची, समजा ८ सेंटीमीटर, मिळवा. ११० सेंटीमीटरच्या पोराला हँडल जमिनीपासून ७४ च्या आसपास लागतं, १३८ च्या पोराला ९१ च्या आसपास. तेव्हा हँडल साधारण ७२-७५ पासून ९५ पर्यंत सरकत असेल तर गाडी पाच-सहा वर्षं पुरते.

इथे एक मेख आहे. काही कंपन्या हँडलची उंची जमिनीपासून सांगतात, काही फळीपासून. दोन्हींत ७-८ सेंटीमीटरचा फरक, म्हणजे पोराची जवळपास दीड वर्षाची वाढ. मोबाइलवर मागवणार असाल तर हे विचारूनच घ्या.

लोक वरचा आकडा पाहतात, खालचा पाहत नाहीत. आपल्याकडे शाळेचा ड्रेस वाढत्या अंगाचा शिवायची पद्धत आहे. बाही दुमडली, हेम आत घेतली की झालं. स्कूटरचं तसं नाही. सर्वांत खालच्या भोकातही हँडल छातीशी येत असेल तर ती आज चालवता येत नाही, आणि दोन वर्षं पडून राहिलेली गाडी नंतर कोण काढतं? वजनाचंही तेच. मोठ्या चाकाची दोनचाकी चार ते साडेपाच किलोची असते. पाच वर्षांचं पोर सोळा-अठरा किलोचं. आपल्या वजनाच्या पाव, कधी तिसऱ्या हिश्श्याएवढी जड वस्तू त्याला गतिरोधकावरून उचलायची असते. पाचव्या वर्षी घेणार असाल तर त्यातल्या त्यात हलकी पाहा, सातव्या वर्षी थोडी जड चालेल.

भार पेलण्याची मर्यादा गाडीवर लिहिलेली असते, मुलांच्या बऱ्याच गाड्यांवर ५० किलो. पोराला ती बारा वर्षांपर्यंत पुरून उरते. ती मोडते ते काका, मोठा दादा, लग्नाला आलेला जावई "पाहू दे बरं" म्हणत चढतात तेव्हा. घरात अशी उत्साही मंडळी असतील तर १०० किलोची घ्या, ही थट्टा नाही.

फळी जमिनीच्या जितकी जवळ तितकं ढकलणं सोपं. उभा पाय प्रत्येक ढकलीला गुडघ्यात वाकतो. फळी उंच असेल तर जास्त वाकतो, लवकर भरून येतो. पण फार खाली असेल तर त्या घरगुती गतिरोधकावर पोट घासतं. सहा ते नऊ सेंटीमीटर ठीक.

घडीचा सांधा

स्कूटरची सगळी हुशारी आणि सगळा धोका या एका जागी असतो. दांडा फळीला जिथे मिळतो तिथे बिजागरीसारखा सांधा, त्यात खटका किंवा खीळ. पोर हँडलवर रेलतं, ओढतं, उडी मारून उतरतं, तो सगळा जोर याच सांध्यावर येतो. चालता चालता तो सुटला तर पोर हँडलसकट पुढे जातं.

म्हणून दुकानात वेळ इथे घालवा. गाडी उघडा. खटका बसताना 'टक्' असा स्पष्ट आवाज आला पाहिजे आणि खीळ भोकात पूर्ण उतरलेली डोळ्यांना दिसली पाहिजे. मग पुढचं चाक दोन पायांच्या चिमटीत घट्ट धरा आणि हँडल मागेपुढे हलवा. बोटाचं टोक सांध्याच्या फटीवर ठेवलं तर जी हालचाल डोळ्यांना दिसत नाही ती बोटाला कळते. नव्या गाडीत तिथे लटलट लागली तर सहा महिन्यांनी काय होईल ते समजून घ्या. पुढे, फक्त हँडल धरून गाडी उचला आणि दोन-तीनदा आपटल्यासारखी खाली ठेवा. खटका आपोआप उघडता कामा नये. चांगल्या गाडीत दुहेरी सोय असते: एक खटका चुकून दाबला गेला तरी दुसरी खीळ धरून ठेवते. नुसत्या एका लिव्हरच्या चिमट्यावर सगळा भार असेल तर दुसरी गाडी दाखवायला सांगा.

हँडलच्या उंचीलाही हेच लागू. नळीला भोकं असावीत, त्यात स्प्रिंगचं बटण बसावं, आणि वरून चिमटा आवळला जावा. नुसत्या चिमट्यावर धरलेली नळी हळूहळू खाली सरकते. नळीवर एक रेघ कोरलेली असते, त्यापेक्षा वर ती ओढायची नाही; पोर वाढलं म्हणून ती रेघ ओलांडली की आतली पकड कमी होते आणि नळी वाकते. हँडलच्या टोकांना जाड रबर हवं. रबर फाटून उघडी पडलेली नळी, पडताना पोटात घुसते. ते रबर फाटलं त्याच दिवशी बदला.

घडी करायचं काम पोराला देऊ नका, निदान आठ वर्षांपर्यंत तरी. त्या सांध्यात बोट सापडतं.

आणि घडीबद्दलची एक समजूत दूर केलेली बरी. घडी म्हणजे दांडा फळीवर आडवा होतो, एवढंच. लांबी जवळपास तितकीच राहते, पाऊण मीटर किंवा जास्त. पिशवीत मावत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला एसटीने नेता येते, सीटखाली सरकवता येते, मोटरसायकलवर मागच्या माणसाला मांडीवर धरता येते, घरात खुंटीला टांगता येते. आमच्याकडे घरं मोठी असली तरी सोयाबीन-कापूस घरात आला की पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा ही खुंटी कामाची. फक्त घडी केल्यावरही दांडा कुठेतरी अडकून राहतो का ते पाहा. नाहीतर एसटीने पहिलं वळण घेतलं की तो उघडून शेजारच्या माणसाच्या नडगीवर बसतो.

ब्रेक, छर्रे आणि धूळ

ब्रेक बहुतेक गाड्यांना मागच्या मडगार्डचा असतो: टाचेने दाबलं की मडगार्ड चाकाला घासतं. साधा आहे, तार नाही, बिघडत नाही. पावसात आणि चिखलात मात्र निम्मासुद्धा धरत नाही, आणि उतारावर बराच वेळ दाबला तर पत्रा तापतो. हाताचा ब्रेक असेल तर तो मागच्या चाकाचा पाहा. एवढ्या लहान चाकाच्या गाडीला पुढचा ब्रेक कचकन दाबला तर पोर हँडलवरून जाईल.

चाक ज्यावर फिरतं त्या छर्ऱ्यांच्या कड्यावर, म्हणजे बेअरिंगवर, 'एबेक ७', 'एबेक ९' असं छापून भाव वाढवतात. एबेक हे अचूकतेचं मोजमाप आहे: १, ३, ५, ७, ९ असे त्याचे टप्पे. आकडा मोठा म्हणजे मापं जास्त काटेकोर. धूळ आत जाते की नाही, गंज चढतो की नाही, याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही, आणि आपला प्रश्न तर धुळीचाच आहे. बाजूला रबराचं झाकण असलेलं बेअरिंग मागा; त्यावर '२ आरएस' लिहिलेलं असतं. नुसत्या पत्र्याच्या झाकणातून बारीक धूळ आत जाते. बहुतेक स्कूटरना ६०८ नंबरचं बेअरिंग असतं, काही वर्षांपूर्वी पोरं जे फिजेट स्पिनर बोटावर फिरवत होती त्यातलंच. ते ड्रिल-ग्राइंडरमध्येही लागतं, म्हणून तालुक्याच्या बेअरिंगच्या दुकानात सहज मिळतं. घेताना चाकाच्या बोल्टाला कोणता पाना लागतो ते पाहून ठेवा. सहा कोनी ॲलन की लागत असेल तर ती गाडीसोबत आली का तेही पाहा.

गाडी पाण्याच्या पाइपने धुऊ नका. काळी माती लागली तर वाळू द्या, ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसा. रॉकेल किंवा पातळ तेल बेअरिंगमध्ये सोडलं की आतलं ग्रीस धुऊन जातं आणि तेलावर धूळ चिकटते ती वेगळीच.

उन्हाचं सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. अंगणात उभी ठेवलेली गाडी दुपारी हाताला चटका देते, पीयूची चाकं नरम पडतात, हँडलचं स्वस्त रबर चिकट होतं. सावलीत ठेवा, चालवायची ती सकाळी नवाच्या आत, नाहीतर ऊन कलल्यावर.

खरेदीच्या वेळी आयएसआयची खूण पाहा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे, आणि खेळणं म्हणून विकली जाणारी स्कूटर त्यात येते. खुणेच्या वर आयएस ९८७३ असा क्रमांक आणि खाली परवान्याचा क्रमांक असतो. तो परवाना खरा आहे का हे सरकारी 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून जागच्या जागी पाहता येतं. आठवडी बाजारातल्या बिनखुणेच्या गाडीचं रंगकाम कितीही झगझगीत असो, तिचा सांधा कोणी तपासलेला नसतो.

डोक्याला सायकलचं हेल्मेट घ्या. 'ईएन १०७८' लिहिलेलं असेल तर ते सायकलसाठी आणि चाकांच्या बुटांसाठीही असतं. बापाचं मोटरसायकलचं हेल्मेट पोराच्या मानेला जड होतं आणि डोक्यावर फिरतं. पायात चप्पल नको, शाळेचे कापडी बूट पुरेत. ढकलणारा पाय अधूनमधून बदलायला लावा, नाहीतर एकच पाय भरून येतो.

बिल जपून ठेवा आणि पहिल्या आठ दिवसांत गाडी भरपूर चालवून घ्या, म्हणजे काही ढिलं पडायचं असेल तर परत करायच्या मुदतीत पडेल. त्यानंतर महिन्यातून एकदा सांध्याचा बोल्ट, हँडलचा चिमटा आणि दोन्ही चाकांचे बोल्ट आवळायचे. धाकट्याच्या हाती गाडी देताना मडगार्डची खालची बाजू पाहा: मोठ्याने वर्षानुवर्षं टाच दाबून ती कागदासारखी पातळ केलेली असते, आणि तेवढाच भाग मिळत असेल तर बाकी गाडी आणखी चार वर्षं चालते.